पहिल्या सिटिंगच्या आधी

लेसरने केस काढणाऱ्या यंत्राला केस ओळखता येत नाही. त्याला ओळखता येतो तो फक्त गडद रंग. केसाला काळेपणा देणारं मेलॅनिन आपल्या त्वचेतही असतं, तिळात असतं, उन्हाने रापलेल्या हातावर तर जास्तच असतं. गोंदणाची शाईही हा प्रकाश तितक्याच जोमाने शोषून घेते. या उपचाराला येणारं यश आणि त्यातले बहुतेक धोके या एकाच गोष्टीतून निघतात. पहिल्या सिटिंगच्या आधी विचारायचे प्रश्नही तिच्यातूनच निघतात आणि त्या प्रश्नांसाठीच मी हे पुस्तक लिहिलं आहे.

माझ्याकडे जेव्हा एखादी मुलगी "डॉक्टर, लेसर करू ना?" असं विचारायला येते, तेव्हा बरेचदा तिने पॅकेजचे पैसे कुठेतरी आधीच भरलेले असतात. हा प्रश्न पैसे भरण्याआधी विचारायला हवा होता हे तिलाही कळतं, पण विचारायचं कुणाला हे तिला माहीत नसतं. आईने कधी लेसर केलेलं नसतं, मैत्रिणीला तिच्यापुरता अनुभव असतो आणि सेंटरमध्ये समोर बसलेली बाई पॅकेज विकायलाच नेमलेली असते. काही जणी उपचार झाल्यावर येतात. दोन्ही पोटऱ्यांवर हँडपीसच्या टोकाएवढे चौकोनी तपकिरी डाग एकाखाली एक ओळीने उमटलेले, आणि दोन ओळींच्या मधली त्वचा मात्र पहिल्यासारखी, असे पाय मी पाहिले आहेत. ते डाग फिकट व्हायला महिनोन्‌महिने जातात आणि तेवढे दिवस ती मुलगी पाय दिसतील असा एकही कपडा घालत नाही. उन्हाने रापलेल्या पायांवर, रापण्याआधी ठरवलेल्याच ऊर्जेने लेसर फिरवला की हे असं होतं. आधी एक प्रश्न विचारला गेला असता तर ते टळलं असतं.

नको असलेले केस काढण्याची खटपट आपल्याकडे पाळण्यापासूनच सुरू होते. बाळाला न्हाऊ घालताना कपाळावरची, पाठीवरची लव जावी म्हणून डाळीच्या पिठाने किंवा कणकेच्या गोळ्याने चोळण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. बाळाची ती लव काही आठवड्यांत आपोआपच गळते, चोळण्याने फक्त त्याची कोवळी कातडी लाल होते. पुढे वयात आल्यावर दोरा, वॅक्स, ब्लीच, रेझर हे सगळं ओघाने येतं. यातलं दुखणं ओळखीचं असतं आणि धोकाही बेताचाच असतो. केस कायमचे घालवायची ओढ लागली तेव्हा मात्र वैद्यकाच्या इतिहासात काही वाईट गोष्टी घडून गेल्या.

सुरुवात चांगली होती. १८७५ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातले नेत्रतज्ज्ञ चार्ल्स मिशेल यांनी डोळ्यात आत वळून टोचणाऱ्या पापणीच्या केसाच्या मुळाशी बारीक सुई घातली, तिच्यातून विजेचा सौम्य प्रवाह सोडला आणि ते मूळ नष्ट केलं. हेच इलेक्ट्रॉलिसिस. एकेक केस धरून करायचं हे काम फार वेळखाऊ असतं, पण केसाच्या रंगाशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून पांढऱ्या केसांसाठी आजही तोच उपाय हाताशी आहे. १८९५ च्या अखेरीस क्ष-किरणांचा शोध लागला आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नाचे लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी एका पाच वर्षांच्या मुलीच्या पाठीवरच्या केसाळ जन्मखुणेवर ते वापरले. केस गळले, पण पाठीवर चिघळणारी जखमही झाली. एवढं ठाऊक असूनही १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या ब्युटी पार्लरांमध्ये 'ट्रायको' नावाची क्ष-किरणांची यंत्रं बसली. दुखत नव्हतं, केस जात होते, त्यामुळे बायका मोठ्या संख्येने त्या यंत्रासमोर बसल्या. सुरकुतलेली त्वचा, न भरणारे व्रण आणि कर्करोग हे सगळं वर्षं उलटल्यावर दिसू लागलं. १९३० च्या सुमारास तिथेच 'कोरेम्लू' नावाचं एक क्रीम विकलं जात होतं. त्यात थॅलियम हे विष होतं. ते लावणाऱ्या बायकांच्या नसा निकामी झाल्या, काहींना लुळेपण आलं.

लेसर म्हणजे क्ष-किरण नव्हेत, हे इथेच स्पष्ट सांगते, कारण ही भीती फार जणींच्या मनात असते. केसांसाठी वापरला जाणारा लेसर हा साधा प्रकाश किंवा त्याच्या लगतचा, डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश असतो. तो त्वचेत काही मिलिमीटरच उतरतो, पोटातल्या कुठल्याही अवयवापर्यंत जात नाही. त्याने मूल होण्यात अडचण येत नाही आणि त्याने त्वचेचा कर्करोग होतो असा पुरावा नाही. जुन्या गोष्टी सांगितल्या त्या एवढ्यासाठी, की 'दुखलं नाही आणि केस गेले' एवढ्या दोन निकषांवर त्या काळी उपचार निवडले गेले. आजच्या जाहिरातीही याच दोन गोष्टींवर भर देतात.

पहिला लेसर किरण निघाला तो १६ मे १९६० रोजी, कॅलिफोर्नियात, थिओडोर मायमन यांच्या हातून, कृत्रिम माणकाच्या म्हणजे रूबीच्या स्फटिकातून. सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी पुढच्या काही वर्षांतच तो त्वचेवर वापरून पाहिला आणि गडद भागांवर त्याचा परिणाम जास्त होतो हे नोंदवलं. आजूबाजूची त्वचा न भाजता नेमकं हवं तेच कसं तापवायचं, याचं गणित मात्र १९८३ मध्ये मांडलं गेलं. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी ते 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलं. प्रकाशाचा रंग असा निवडायचा की तो हव्या त्या गोष्टीतच शोषला जाईल, आणि तो सोडायचा इतकाच वेळ की ती गोष्ट तापेल, पण उष्णता शेजारी पसरायच्या आत प्रकाश बंद होईल. बशीत ओतलेला चहा किटलीतल्या चहाच्या आधी निवतो, तसा त्वचेचा वरचा पातळ थर काही मिलिसेकंदांत निवतो आणि जाड केसाच्या मुळाला त्याच्या कित्येक पट वेळ लागतो. म्हणून लेसरचा ठोका बेताने लांबवला की वरचा थर तापता तापता निवत राहतो आणि केसात मात्र उष्णता साठत जाते. जोडीला हँडपीसचं थंडगार टोक किंवा गार हवेचा झोत असतो, तो वरच्या थराला आणखी सांभाळतो. सावळ्या त्वचेवर हा उपचार करता येतो तो या मिलिसेकंदांच्या हिशेबामुळे आणि या गारव्यामुळे. त्यामुळे यंत्राचं कूलिंग नीट चालतं का, हा प्रश्न मला यंत्राच्या नावापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

आता थोडं केसाच्या मुळाबद्दल. केस ज्या पेशींमधून पुन्हा उगवतो त्या मूळपेशी केसाच्या कडेला, एका छोट्या फुगवट्यात असतात आणि त्यांना स्वतःचा रंग नसतो. लेसर त्यांना थेट गाठू शकत नाही. काळ्या केसाचा दांडा तापतो आणि त्याची धग त्या पेशींपर्यंत जाते. म्हणजे केस जागेवर असायलाच हवा. १९९६ मध्ये अँडरसन यांच्याच गटाने रूबी लेसरचा १३ स्वयंसेवकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काही जागचे केस आधी रेझरने काढले होते आणि काही जागचे वॅक्सने उपटले होते. सहा महिन्यांनी ठळक घट टिकून होती ती फक्त रेझर फिरवलेल्या आणि सर्वांत जास्त ऊर्जा दिलेल्या जागी.

लेसरच्या आधी चार ते सहा आठवडे वॅक्स, थ्रेडिंग, चिमटा सगळं बंद आणि फक्त रेझर, ही जी सूचना प्रत्येक ठिकाणी मिळते तिचं कारण हे आहे. सगळ्यांत जास्त अडतं तेही इथेच. रेझरने केस दाट आणि राठ येतात ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. खरं म्हणजे रेझर केसाला त्वचेच्या पातळीवर कापतो, मुळाला तो लागतही नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून बोटाला खरखरीत लागतं, इतकंच. पण हे सगळं समजावून सांगितलं तरी हनुवटीवर रेझर फिरवायचा म्हटल्यावर काही मुलींचे डोळे भरून येतात. आपण आता दाढी करणार, या विचारानेच त्या खचतात. त्या वेळी डॉक्टरने घड्याळाकडे न बघता तिच्याशी बोलावं असं मला वाटतं. ते बोलणंही उपचाराचाच भाग आहे.

एका सिटिंगमध्ये सगळे केस का जात नाहीत, हेही इथेच सांगून टाकते. प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग थांबतो, मग गळतो आणि त्याच जागी नवा उगवू लागतो. वाढीच्या काळातच मुळाशी रंग भरपूर असतो आणि दांडा मुळाला घट्ट जोडलेला असतो, म्हणून लेसर त्याच केसांवर नीट चालतो. डोक्यावरचे ८५ ते ९० टक्के केस एका वेळी वाढीच्या अवस्थेत असतात. हातापायांवर मात्र पुष्कळसे केस विश्रांतीतच असतात. ते जागे व्हायची वाट बघावी लागते. म्हणून चेहऱ्यासाठी साधारण चार ते सहा आठवड्यांनी आणि अंगासाठी सहा ते आठ आठवड्यांनी पुढचं सिटिंग असतं, आणि अशी सहा ते आठ तरी सिटिंग्ज लागतात. म्हणजे जवळजवळ वर्षभराचं काम. साखरपुडा झाल्यावर, लग्नाला दोन महिने उरले असताना सुरुवात करणाऱ्या मुलीला मी एवढ्यासाठीच थांबवते. दोन महिन्यांत बसवायला गेलं की ऊर्जा वाढवायचा मोह होतो, आणि हळदीच्या दिवशी चेहऱ्यावर डाग असलेले कुणालाच नको असतात.

यंत्रांची नावं ऐकून घाबरायचं कारण नाही. नावं वेगवेगळी असली तरी फरक प्रामुख्याने प्रकाशाच्या तरंगलांबीचा असतो. रूबी ६९४ नॅनोमीटर, अलेक्झांड्राइट ७५५, डायोड ८०० ते ८१० आणि एनडी-याग १०६४. आकडा जितका मोठा, तितका प्रकाश खोल उतरतो आणि मेलॅनिनमध्ये तितका कमी शोषला जातो. गोऱ्या त्वचेवर आणि काळ्याभोर केसांवर लहान आकडे उत्तम चालतात. बॉस्टनचे डॉक्टर थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये उन्हात त्वचा किती भाजते आणि किती रापते यावरून त्वचेचे प्रकार पाडले. पुढे ते सहा झाले आणि आज प्रत्येक लेसर क्लिनिकमध्ये ते वापरले जातात. आपल्यापैकी बहुतेकांची त्वचा त्यात चौथ्या-पाचव्या प्रकारात येते. अशा त्वचेसाठी डायोड जपून वापरावा लागतो. एनडी-याग सर्वांत सुरक्षित, पण तो जास्त दुखतो आणि बारीक केसांवर कमी पडतो. आयपीएल हा लेसर नव्हे. त्यात अनेक तरंगलांबींचा प्रकाश एकत्र असतो, त्यामुळे सावळ्या त्वचेवर तो भाजण्याची शक्यता अधिक. घरी वापरायची जी उपकरणं ऑनलाइन मिळतात ती बहुतेक आयपीएलचीच असतात, त्यांची ताकद कमी ठेवलेली असते आणि गडद त्वचेसाठी ती नसल्याचं त्यांच्याच माहितीपत्रकात छापलेलं असतं. ते पत्रक न वाचता वाढदिवसाची भेट म्हणून अशी उपकरणं दिली जातात. घेण्याआधी त्यावरचा त्वचेच्या रंगांचा तक्ता आपल्या हाताशेजारी धरून बघावा.

आणि पांढरे, भुरे, सोनेरी केस? त्यांच्यात शोषायला काळा रंगच नसतो, म्हणून तिथे कुठलाही लेसर उपयोगाचा नाही. चाळिशी-पन्नाशीत हनुवटीवर आलेल्या पांढऱ्या खुंटांसाठी कुणी लेसरचं पॅकेज देऊ करत असेल तर ते घेऊ नये.

प्रत्यक्ष सिटिंग कसं असतं ते पुस्तकात सविस्तर आहे, इथे थोडक्यात सांगते. आधी त्वचा स्वच्छ पुसून, रेझरने केस अगदी बारीक करून घेतात. मग भाग आखून घेतात तो पांढऱ्या पेन्सिलने, कारण काळ्या किंवा निळ्या पेनाची रेघ लेसरखाली तापेल आणि त्या रेघेच्या आकारात त्वचा भाजेल. कुणी बॉलपेनने आखायला लागलं तर तिथेच थांबवावं. खोलीत असलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर त्या तरंगलांबीसाठीच बनवलेला गॉगल हवा, आणि चेहऱ्याचं काम असेल तर तुमच्या डोळ्यांवर प्रकाश अजिबात आत जाऊ न देणारी झाकणं. हे लेसर सर्वांत धोकादायक समजल्या जाणाऱ्या चौथ्या वर्गात मोडतात. आरशावरून किंवा चकचकीत ट्रेवरून परावर्तित झालेला किरणसुद्धा डोळ्याला कायमची इजा करू शकतो. भुवईच्या खाली, डोळ्याच्या खोबणीच्या आत लेसर मारायचाच नाही. तसं केल्याने बुबुळाला इजा झालेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेले आहेत. ठोका पडताना रबर बँडचा फटका बसल्यासारखं चटकन लागतं आणि जळक्या केसांचा वास येतो. थोड्या वेळाने प्रत्येक केसाभोवती बारीक लालसर फुगवटी दिसते, अंगावर काटा आल्यासारखी. ती चांगली खूण आहे आणि दिवसा-दोन दिवसांत ती जाते. फोड, खपली किंवा करडा पडलेला चट्टा ही मात्र भाजल्याची खूण, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची. पुढचे दोन-तीन आठवडे केस पुन्हा वाढल्यासारखे वाटतात, ते खरं म्हणजे जळलेले दांडे बाहेर ढकलले जात असतात. या काळात चिमटा हातात घेऊ नये.

या पुस्तकात सर्वांत लांब प्रकरण आहे ते यंत्राबद्दल नाही, शरीरातल्या संप्रेरकांबद्दल आहे. ओठाच्या वर, हनुवटीवर, गळ्यावर, छातीवर, बेंबीखाली पुरुषांसारखे जाड काळे केस येत असतील तर ते का येताहेत हे आधी बघायला हवं. पाळी अनियमित, वजन वाढतंय, मुरमं जात नाहीत, मानेवर काळपट पट्टा, यांतलं काही सोबत असेल तर पीसीओडीचा विचार करावाच लागतो. १९६१ मध्ये फेरिमन आणि गॅलवे या दोघांनी अशा केसांना अंगाच्या ठरावीक भागांप्रमाणे गुण देण्याची पद्धत काढली. तिचं सुधारलेलं रूप आम्ही आजही वापरतो, त्यात नऊ भागांना शून्य ते चार गुण दिले जातात. त्यानंतर गरजेप्रमाणे रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी. संप्रेरकांचा असमतोल तसाच ठेवून लेसर केला तर यंत्र जुने केस कमी करतं आणि शरीर नवे केस उगवत राहतं. मुलगी म्हणते लेसरचा उपयोग झाला नाही, सेंटर म्हणतं आणखी चार सिटिंग्ज घ्या. औषधांचा केसांवरचा परिणाम दिसायलाही साधारण सहा महिने लागतात, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा संप्रेरकतज्ज्ञांचा उपचार आणि लेसर हातात हात घालून चालले तरच पैसा आणि श्रम सार्थकी लागतात. केस अचानक, थोड्या महिन्यांत वाढले असतील, आवाज घोगरा झाला असेल, डोक्यावर पुढून केस विरळ होत असतील, तर लेसरचं नावही न काढता आधी डॉक्टरांकडे जावं. क्वचित यामागे अंडाशयाची किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीची गाठ असते.

दुसरी एक गोष्ट आपल्या मुलींनी खास लक्षात ठेवायला हवी. गालांवर आणि जबड्याच्या कडेला जी मऊ लव असते, तिच्यावर लेसर फिरवला तर काही जणींच्या बाबतीत ती कमी न होता जाड आणि काळी होते. भूमध्य समुद्राच्या परिसरातल्या, मध्यपूर्वेतल्या आणि आपल्या उपखंडातल्या लोकांत हे जास्त दिसतं, आणि चेहरा व मान याच जागी जास्त दिसतं. मूळ नष्ट करायला अपुरी पडलेली उष्णता त्याला उलट चेतना देते असं मानलं जातं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या गालावरची लव काढायला आई तिला घेऊन येते, तेव्हा मी ते करत नाही. त्या वयात संप्रेरकं अजून स्थिरावलेली नसतात आणि गालावर लव असणं हे माणसाच्या चेहऱ्याचं लक्षण आहे, दोष नाही.

आता औषधांबद्दल. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन किंवा डॉक्सिसायक्लिन चालू असेल, ओठावर नागीण येण्याची सवय असेल, जखमेचा व्रण वर येऊन जाड होण्याची प्रवृत्ती असेल, कोड किंवा सोरायसिस असेल, तर हे सगळं लेसरआधी डॉक्टरांना सांगायला हवं. यांतल्या बऱ्याच गोष्टींसाठी उपचार कायमचा नाकारला जात नाही, पण वेळ, ऊर्जा किंवा आधीची औषधं बदलावी लागतात. गरोदरपणात आम्ही लेसर करत नाही, थांबून काही बिघडत नाही. तीळ आणि गोंदण झाकून ठेवायचे. नुकतंच कोकणात समुद्रावर जाऊन आला असाल, शेतात किंवा दुचाकीवर हात रापले असतील, तर रापलेपण उतरेपर्यंत सिटिंग पुढे ढकलायचं.

एक इशारा मात्र पुन्हा पुन्हा द्यावासा वाटतो. २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने त्वचा बधिर करणाऱ्या क्रीमबद्दल जाहीर सूचना काढली. २२ आणि २५ वर्षांच्या दोन तरुणींनी लेसर दुखू नये म्हणून पायांना असं क्रीम लावलं आणि वरून प्लास्टिक गुंडाळलं. औषध रक्तात उतरलं, दोघींना झटके आले, त्या बेशुद्ध झाल्या आणि त्यातच गेल्या. ओठावरच्या एवढ्याशा जागेसाठी डॉक्टरांनी मोजून दिलेलं क्रीम ही वेगळी गोष्ट. दोन्ही पाय, पाठ, पोट अशा मोठ्या भागाला ट्यूब रिकामी करून लावणं आणि वर प्लास्टिक बांधणं जीवघेणं ठरू शकतं. क्रीम मेडिकलच्या दुकानात सहज मिळतं म्हणून ते निरुपद्रवी आहे असं समजू नये.

'कायमचं' या वचनाबद्दल याच एफडीएची व्याख्या मला प्रामाणिक वाटते. केसांच्या एका पूर्ण चक्राहून अधिक काळ, म्हणजे शरीराच्या भागाप्रमाणे चार ते बारा महिन्यांहून अधिक काळ, परत येणाऱ्या केसांची संख्या घटलेलीच राहिली, तर केस कायमचे कमी झाले असं म्हणता येतं. सगळे केस गेले असा त्याचा अर्थ होत नाही. १९९६ च्या त्या अभ्यासातल्या सात जणांना दोन वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा चौघांमध्ये घट टिकून होती. यंत्रं तेव्हापासून पुष्कळ सुधारली आहेत, पण वर्षातून एखाद-दुसरं जादा सिटिंग लागू शकतं, विशेषतः चेहऱ्यावर. शंभर टक्के आणि जन्मभराची हमी लिहून देणाऱ्या ठिकाणी मी माझ्या मुलीला पाठवणार नाही.

कुणाकडे करावं? भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या, म्हणजे आयएडीव्हीएलच्या, तज्ज्ञगटाने २००८ मध्ये लेसर आणि आयपीएलने केस कमी करण्यासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. उपचारापूर्वी नीट तपासणी, समजावून सांगणं आणि लेखी संमती यावर त्यांत भर आहे. प्रत्यक्ष हँडपीस पुष्कळदा टेक्निशियन चालवते, त्याला माझी हरकत नाही, पण त्वचेचा प्रकार डॉक्टरने ठरवलेला असावा, ऊर्जा डॉक्टरने लिहून दिलेली असावी आणि काही बिघडलं तर तो डॉक्टर त्याच इमारतीत असावा. पहिल्या दिवशी कानाजवळ किंवा हाताच्या आत एक छोटी जागा करून बघावी आणि निदान एक-दोन दिवस थांबावं. सावळ्या त्वचेवरचा डाग कधी कधी उशिरा उमटतो, म्हणून मी स्वतः आठवडाभर थांबते. प्रत्येक सिटिंगची ऊर्जा, ठोक्याची लांबी, तरंगलांबी यांची नोंद रुग्णाला मागता आली पाहिजे. उद्या दुसऱ्या गावी जावं लागलं तर तिथल्या डॉक्टरला तिचाच आधार असतो.

हे पुस्तक प्रामुख्याने मुली आणि बायकांना उद्देशून लिहिलेलं दिसेल, कारण चौकशीला त्या जास्त येतात. पण दाढी केल्यावर केस आत वळून गळ्यावर पुळ्या येणारे पुरुष, माकडहाडाजवळच्या केसांच्या गाठीसाठी पुन्हा पुन्हा ऑपरेशन करावं लागणारे तरुण आणि दाढी-मिशा घालवू पाहणाऱ्या ट्रान्स स्त्रिया, या सगळ्यांसाठी लेसर हा मोठाच आधार आहे, आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरणं दिली आहेत. ज्यांना केस काढायचेच नाहीत त्यांना मी काहीही पटवून देणार नाही. सासरकडच्यांनी सुचवलं म्हणून, किंवा कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात कुणी काही बोललं म्हणून आलेल्या मुलीला मी आधी एकटीला बसवून विचारते की तुला स्वतःला हे हवंय का. उत्तर 'नाही' असेल तर तिथेच थांबायचं. आणि ज्या मुलीला रोज सकाळी कॉलेजला जाण्याआधी दार लावून हनुवटीवरचे केस उपटावे लागतात, तिच्यासाठी हा उपचार चैनीचा नाही. तिला कुणी 'एवढं काय त्यात' असं म्हणू नये.

प्रकरणं क्रमाने वाचायलाच हवीत असं नाही. संप्रेरकांचं प्रकरण मात्र चेहऱ्यावर लेसर करू इच्छिणाऱ्या प्रत्येकीने पैसे भरण्याआधी वाचावं. पुस्तकाच्या शेवटी एक कोरं पान ठेवलं आहे. त्यावर चालू असलेली सगळी औषधं, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीचीसुद्धा, शेवटचं वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग कधी झालं ती तारीख, आणि पाळीच्या गेल्या सहा महिन्यांच्या तारखा लिहा, आणि ते पान घेऊन डॉक्टरांकडे जा.